शनिवारचा फोन

रविवार, १२ जानेवारी २००३

आले एकदाची! लग्नानंतरची सगळी वर्षं नागपूरला काढली आणि आता पुन्हा पुण्याची झाले. कर्वेनगरात तिसरा मजला, गॅलरीत सकाळचं ऊन, स्वयंपाकघराच्या खिडकीशी शेवग्याचं झाड. घर लेकानं माझ्या नावावर घेतलं, पृथ्वीराजनं, तिकडे कॅलिफोर्नियात बसून. यांची आरामखुर्ची मी गॅलरीतच ठेवली. हे असते तर ऊन-सावली बघून ती दिवसभर सरकवत बसले असते.

स्टेशनवरून येताना रिक्षा मुद्दाम लष्कर भागातून, माझ्या कॉन्व्हेंटवरून नेली. सिस्टर सांगायच्या, मुलींनो, खरं बोला आणि स्पष्ट बोला. सासरी त्याचा फार उपयोग झाला नाही. पण सवय गेली नाही.

समोरच्या सुशीलाबाई, दार उघडं टाकून सामान लावताय, चोरांना आमंत्रणपत्रिका छापायची राहिली का, असं विचारत आल्या आणि चहाचा थर्मास ठेवून गेल्या. पुणं बदललेलं नाही. किती बरं वाटलं!

बुधवार, १५ जानेवारी

काल तिळगूळ वाटून झाला. सगळं छान, फक्त झोप नाही, नागपूरपासूनच. पहाटे तीनला टक्क जाग येते आणि मग मी आणि पाल. पृथ्वीच्या कानावर गेलं असावं, कारण त्याचा मित्र शुभंकर सुट्टीवर येताना मेलाटोनिनच्या गोळ्यांची डबी घेऊन आला. म्हणाला, काकू, तिकडे किराण्याच्या दुकानात मिळतात, चुरमुऱ्यांसारख्या. या सोसायटीतल्या निम्म्या आईबापांना मुलांकडून ह्याच डब्या येतात म्हणे. पूर्वी मुलं मनिऑर्डर पाठवत, आता झोप पाठवतात. डॉक्टरांना दाखवल्या. ते म्हणाले, थोडे दिवस घेऊन बघा.

शनिवार, १८ जानेवारी

घेतली, आणि कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात झोपायची तशी झोपले. आठला उठले! पण पृथ्वीचा फोन चुकला. त्याची तिकडे शुक्रवारची संध्याकाळ होते तेव्हा इथे शनिवारी सकाळचे साडेसहा वाजतात. आठवड्यातून तेवढा एकच फोन. पोराला काय वाटलं असेल.

सोमवार, २० जानेवारी

शुभंकर भेटला. पृथ्वी खूश आहे म्हणाला. शनिवारी आईशी मनसोक्त गप्पा झाल्या, आई किती प्रेमानं बोलली, असं त्यानं कळवलंय.

मी झोपले होते.

झोपेत उठून बोलले असेन. वयात होतं असं काही. सुशीलाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तरीच! शनिवारी सकाळी दूध घ्यायला दारात आलात तेव्हा माझ्या गालाला हात लावून चौकशी केलीत. म्हटलं, बाईंना ताप आहे.

शनिवार, २५ जानेवारी

पुन्हा आठ वाजले. फोन झालेला आहे. रिसीव्हर उलटा ठेवलेला, मी कधीच तसा ठेवत नाही. ओट्यावर चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. साखरेचा चहा, पातेल्याला चिकटा होता. मी गेली दहा वर्षं बिनसाखरेचा पिते.

बुधवार, २९ जानेवारी

टेलिफोनवाला आला आणि झोपायच्या खोलीत त्याच लाइनवर दुसरा फोन बसवून गेला. मी नको म्हटलं. म्हणाला, अहो आजी, तुम्हीच तर शनिवारी फोन करून सांगितलंत, पलंगावरून उठवत नाही म्हणून. किती गोड बोलत होतात.

संध्याकाळी एक जोडपं घर बघायला आलं. हे घर विकायचं आहे म्हणे. आणि मी विश्रांतवाडीला ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जाणार आहे. त्यांना म्हटलं, घर माझ्यासकट विकत मिळतं, चालेल का? जिना उतरताना बाईनं एकदा मागं वळून बघितलं.

बूथवर जाऊन पृथ्वीला फोन लावला. तो थकलेला होता. म्हणाला, आई, गेल्या फोनवर तूच हो म्हणालीस. आताच छान बोलायला लागली होतीस, आता पुन्हा चिडचिड. गोळी घेत जा नियमित. मागून अपेक्षाचा, सुनेचा, आवाज आला की हल्ली आई किती समजूतदार झाल्या होत्या.

पोरा, तुझ्या तापात मी रात्र रात्र बसले. माझा आवाज ओळखू येत नाही तुला?

गुरुवार, ३० जानेवारी

गोळ्या संडासात ओतल्या. माझी झोप गेली तरी चालेल. माझा मुलगा मी कुणाला देणार नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

गोळी नाही, काही नाही, तरी पहाटे डोळा लागला. उठले तेव्हा फोन होऊन गेला होता. उशीवर खोबरेल तेलाचा डाग. मी तेल लावत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शुभंकर नवी डबी देऊन गेला. मी फोनवर मागितली म्हणे.

दुपारी जरा आडवी झाले तर आत कुणीतरी गुणगुणत होतं. माझ्याच आवाजात. माझ्यापेक्षा सुरात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सुशीलाबाई म्हणाल्या, चार दिवस माझ्याकडे या. नाही म्हटलं. मी गेले की घर तिचं. पृथ्वीही तिचा. शुभंकर म्हणाला, तो येत्या फोनवर घराचा शेवटचा होकार घेणार आहे. तो मीच देणार. नकारच देणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दोन कप कोरी कॉफी. खुर्ची हॉलमधल्या फोनजवळ. झोपायची खोली नीट पाहिली, पलंगाखाली, कपाटात. कुणी नाही. बाहेरून कडी लावली. ही वही मांडीवर. झोपलेलं माणूस लिहीत नाही. लिहिते आहे तोवर मी मी आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

उजाडलं. जागी आहे.

वाजला — अर्धीच घंटा, आणि बंद.

उचलला. पृथ्वी बोलतो आहे. माझ्याशी नाही. आतल्या फोनवरून माझा आवाज — बाळा, तू म्हणशील तसं, सही कुठे करू सांग —

पृथ्वी, असं ओरडले. तो दचकला, लाइनवर कोण आहे असं त्यानं विचारलं. आतली म्हणाली, क्रॉस कनेक्शन असेल रे, कुणी वेडी बाई.

वेडी! म्हटलं, गाढवा, ऐक. गोळ्या संडासात गेल्या. घर विकायचं नाही. गिऱ्हाईक आणलंस तर जिन्यावरून मी खाली पाठवीन. गोड बोलते ती तुझी आई नव्हे. मी आहे — ही, भांडते आहे ती —

 

मग तो हळूच म्हणाला, आई? तू आहेस?

हो रे. हो.

कडी हलते आहे. बाहेरची कडी, माझ्यासमोर, आपोआप सरकते आहे. खोबरेलाचा वास. डोळे जड —

सरकू दे. रिसीव्हर खांद्यात दाबून धरला आहे. सोडणार नाही. लिहिते आहे. पृथ्वी, ठेवू नकोस, बोलत राहा, माझ्याशीच बोल, मी जागी आहे, मी जा—