पाहुण्यांच्या गोलला टाळ्या

आवडी, मार्गशीर्षातला गुरुवार, २००६

पूजा झाली, उपास सोडला, पण मन मैदानावरून हलत नाही.

हे क्वार्टर्सच्या फुटबॉल क्लबाचे खजिनदार. स्पर्धेला पैसे देणारे शेटजी आज गर्दी बघायला येणार होते. गर्दी नसेल तर पुढच्या वर्षी पैसे नाहीत, म्हणजे स्पर्धाच नाही. ह्यांनी सगळ्या शेजारणींना सांगितलं. गेले मी एकटीच. तेही पाच रुपयांचं तिकीट काढून! म्हणे, "खजिनदाराच्या बायकोला फुकट सोडलं तर लोक काय म्हणतील?"

हे शेटजींजवळ खुर्चीत, मी रिकाम्या पायऱ्यांवर. वाटलं होतं, निदान शेजारी बसतील. खेळातलं काही कळत नाही. चेंडू जाळीत गेला की टाळ्या, एवढंच ठाऊक. वाजवल्या. सगळे वळून बघायला लागले. गोल आपल्यावर झाला होता! पाहुणे मदुरैचे, त्यांच्या बाजूचं बघायला आलेलं एक माणूस नाही. गोल करणाऱ्यानं थांबून मला हात केला. "थँक्स, अम्मा!"

वाटेत हे म्हणाले, "अगं, एक प्रेक्षक मिळाला, तोही त्यांचा!"

"शेटजी काय म्हणाले?"

"पाहू म्हणाले."

त्यानं केलेला तो हात... इथं तमिळ मुलखात येऊन इतकी वर्षं झाली, लांबून मला बघून हात करणारं कोण आहे? देवीला म्हटलं, स्पर्धा टिकू दे. ह्यांच्यासाठीच म्हटलं का?

शनिवारी मदुरैवाले पुन्हा खेळणार आहेत. पाच रुपये बाजूला काढलेत.