भाऊबीजेला वर केलेला हात

१२ ऑक्टोबर, रविवार
चहाच्या आधीच जाहीर झालं: तिसरा टप्पा सुरू. ह्यांचं म्हणणं, ऊर्जा आता बेंबीखालून निघते, पाठीच्या कण्याने वर चढते आणि कपाळावरून खाली उतरते. म्हटलं, उतरता उतरता दूधही आणायला सांगा तिला. हसले नाहीत. पूर्वी हसायचे.

फ्रिजवर कागद चिकटवलाय. ची कुंगचे, म्हणजे त्या श्वासाच्या कसरतीचे टप्पे, मोबाइलवर कुणा चिनी म्हाताऱ्याचं बघून उतरवलेले. अंग सैल होणे. तळव्यांत ऊब, मुंग्या. ऊर्जा फिरणे. दुसऱ्याला देता येणे. मुरारच्या पार्कात जे सूबेदारसाहेब हे शिकवतात, त्यांनी टप्प्यांचं नावसुद्धा कधी काढलं नाही. त्यांचं एकच, "खड़े रहिए, साँस लीजिए, घर जाइए।" पण सरळ सांगितलेलं ह्यांना कधी पुरलंय?

नाश्त्यानंतर माझ्या उजव्या खांद्यावर दोन्ही तळवे. पांढरा कुडता घालून, डोळे मिटून. "कसं वाटतंय?" "बरं वाटतंय."

१४ ऑक्टोबर, मंगळवार
भजनाला जाते सांगून कंपूच्या दवाखान्यात. फिजिओथेरपीवाल्या नेहाने खांदा असा काही ओढला की सगळे देव आठवले, म्हणजे भजन झालंच म्हणायचं. म्हणाली, "आंटी, दर्द हो तो बोलिए, चेहरा मत छुपाइए।" तिला काय सांगू, चेहरा लपवण्यात माझा हातखंडा आहे.

खांदा जाम झालाय, वय आणि साखर, दुसरं काही नाही. घरी भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगीसारखं. स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे पेन्सिलीच्या खुणा करते. ह्यांचे टप्पे फ्रिजवर, माझे कॅलेंडरमागे.

सांगत का नाही? कितीदा विचारलंय स्वतःला. रिटायर झाल्यावर अख्खा पावसाळा हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. दाढी नाही, पेपर नाही, जेवायला हाक मारली की "ठेव तिथे". मीच शेजाऱ्यांबरोबर मुरारला पाठवलं, मन लागेल म्हणून. थोड्या दिवसांनी एका सकाळी येऊन खांद्यावर हात ठेवला. तोंडातून निघून गेलं, बरं वाटतंय. त्या दिवशी दाढी केली, पोळी मागून घेतली. मग दुसऱ्या दिवशी काय सांगणार होते मी, की काल उगीच म्हटलं?

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
कुंदा आली, अमेय आला. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि ह्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. मला म्हणाले, "हात वर कर जरा." केला. कानाला लागेपर्यंत गेला. दसऱ्याआधी छातीच्या वर जात नव्हता, कुंदाने स्वतः माझी वेणी घातली होती. तिच्या डोळ्यांत पाणी. "दादा, तू केलंस हे?" ह्यांनी मान खाली घातली, नम्र माणसाने घालावी तशी.

वडील गेल्यावर हिला ह्यांनीच वाढवलं. लग्न ह्यांनी केलं, नवरा गेल्यावर अमेयची शाळा ह्यांनी बघितली. दादाने रात्र म्हटलं तर ही दिवा लावेल. आणि मी मधोमध हात वर करून उभी. अमेयने मोबाइलवर घेतलं ते. "मामी, एक बार और, लाइट नहीं थी।" पुन्हा केला.

कुंदा गेल्यावर फ्रिजवरच्या कागदावर शेवटची टिक. चौथा टप्पा.

९ नोव्हेंबर, रविवार
अमेयचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर. इंदूर, पुणे, देवास, सगळीकडून हात जोडलेले. ह्यांची मामेबहीण गुडघे घेऊन आली. दाना ओलीच्या गल्लीत आपल्या जिन्यावर एवढी वर्दळ मुलाच्या लग्नातही नव्हती. चहा कोण करतंय? ऊर्जा तर करत नाही.

चिडचिड होते. मी ओरडत, दात-ओठ खात, सवारी टेम्पोत धक्के खात खांदा सोडवायचा आणि टिक कुणी करायची, तर ह्यांनी. पण परवा आरशात बघून शीळ घालत होते. कितीतरी वर्षांनी.

२६ नोव्हेंबर, बुधवार
कुंदाने स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं. डाव्या काखेजवळ गाठ आहे. दिवाळीच्या आधीपासून. डॉक्टरांनी लगेच सुई घालून तपासून घ्या म्हटलंय. माझा हात घेतला आणि त्या गाठीवर ठेवला. सुपारीएवढी. टणक.

म्हटलं, कधी जायचं? उद्या जाऊ, मी येते. तर म्हणते, कशाला, दादा रोज येतोय ना आता. सुई टोचली की पसरतं म्हणतात. "तुझा हात डोळ्यांनी बघितलाय मी, वहिनी."

डाळीला फोडणी दिली, हिंग घातला की नाही आठवत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२७ नोव्हेंबर
ह्यांना विचारलं, गाठ माहीत आहे तुम्हाला? माहीत आहे. रोज सकाळी मुरारहून परस्पर तिच्याकडे जातात. तुम्ही तपासून घे म्हटलं नाही? म्हणाले, आधी थोडं काम करू दे, मऊ पडतेय. मऊ पडतेय म्हणे. कालच मी हात लावलाय त्या गाठीला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हटलं, आधी कुंदाला सांगते, ती समजेल. ह्यांच्यापर्यंत जायलाच नको.

७ डिसेंबर, रविवार
कुंदाकडे. सगळं सांगितलं. नेहा, कंपू, भजनाची थाप, दुखण्याच्या गोळ्या. ऐकून घेतलं. मग स्वेटरची बटणं लावत शांतपणे म्हणाली, "वहिनी, दादाचं कौतुक तुला कधी बघवलं नाही."

तिच्या म्हणण्याप्रमाणे व्यायाम सगळेच करतात, शेजारच्या बाईंचा खांदा दोन वर्षं व्यायाम करूनही तसाच आहे. माझा का सुटला? आणि मोबाइल काढून मला माझाच हात दाखवला. वर जाताना. हसत होते मी त्यात, निर्लज्जासारखी.

माझ्या खोट्याला साक्षीदार घरभर, खऱ्याला एक नाही. येताना टेम्पोत रडू आलं. बाजूच्या बाईने विचारलं, "क्या हुआ बहनजी?" म्हटलं, ठंड लग रही है.

१५ डिसेंबर, सोमवार
मुरारला गेले ह्यांच्याबरोबर. कोहरा इतका की पार्कात माणसं नाहीत, नुसत्या मफलरी उभ्या. सूबेदारसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. भला माणूस. तिथल्या तिथे ह्यांना म्हणाले, "साहब, ये कसरत है, इलाज नहीं। बहन को अस्पताल ले जाइए।"

परतताना टेम्पोत ह्यांचा निकाल: सूबेदार दुसऱ्या टप्प्यावरच अडकलाय.

२२ डिसेंबर, सोमवार
आता टाळत नाही. ह्यांना कंपूला घेऊन गेले, नेहाकडे. खोटं माझ्या तोंडून निघालं होतं, तर खरं दुसऱ्याच्या तोंडून निघावं, एवढी मी भित्री. नेहाला काय माहीत. खुर्ची दिली, कौतुक केलं. "अंकल, आंटी सितंबर से आ रही हैं। इतनी मेहनती पेशेंट मैंने नहीं देखी।"

हे उठले. "बहुत धन्यवाद आपका," म्हणाले, अगदी ऑफिसात म्हणायचे तसं. माझी शाल खुर्चीवरून उचलून मला दिली. बाहेर येऊन टेम्पोला हात केला.

घरी आल्यावर एवढंच, "म्हणजे रोज खोटंच." मी म्हटलं, रोज. फ्रिजवरचा कागद ह्यांनी काढला नाही, फाडला नाही. कुडता खुंटीला टांगला आणि आत जाऊन पडले. भिंतीकडे तोंड.

२८ डिसेंबर, रविवार
दाढी नाही. पेपर नाही. "ठेव तिथे."

मीही पडते बाजूला, जागा कुठे आहे दुसरी. नेहाकडे गेले नाही या आठवड्यात. थंडीने खांदा पुन्हा धरतोय. वेणी आज अर्धीच.

राग माझ्यावर आहे तसा ह्यांच्यावरही आहे. पासष्टी जवळ आली, बहिणीच्या जिवाशी गाठ, आणि हे रुसून बसलेत. मी खोटं बोलले, मान्य. पण मी काय बोलले? बरं वाटतंय. आपल्याकडे कुठली बायको रोज हे बोलत नाही? भाजीला बोलतो, साडीला बोलतो, माहेरच्यांनी विचारलं तरी बोलतो. ह्यांनी त्यातून अख्खा चौथा टप्पा बांधला.

६ जानेवारी, मंगळवार
अमेयचा फोन. "मामी, मामा आ क्यों नहीं रहे? मम्मी का हाथ सूज रहा है।" डॉक्टरांनी सोमवार, एकोणीस तारीख दिलीय तपासणीची. कुंदा म्हणते, दादा येऊन सांगेल तरच.

आत जाऊन सांगितलं. तुम्ही जा आणि तिला सांगा, मला काही येत नाही, तू हॉस्पिटलात जा. तुमचंच ऐकेल ती. पाठीने ऐकून घेतलं. हातावर सूज आहे म्हटल्यावर पाठ हलली, एवढंच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
तिळाची गजक घेऊन एकटीच कुंदाकडे. दार उघडलं, गजक घेतली, आत बोलावलं नाही. गोड बोल म्हणायची सोय नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "दादाला तू काय केलंस?"

चेहरा उतरलाय तिचा. डावा हात पदराखाली धरून उभी होती.

१७ जानेवारी, शनिवार
आज ओरडले. भांडी घासणारी बाई थांबून बघत होती, बघू दे. म्हटलं, तुमचा मान मोठा की तिचा जीव? माझं खोटं मी पदरात घेतलंय, तुमचं तुम्ही घ्या. मऊ पडतेय कोण म्हणालं होतं? मी? गाठीवर रोज तुमचा हात होता, माझा नाही.

दुपारी त्याच खांद्यात कळ आली, ताट खाली ठेवताना. आवाज निघून गेला तोंडातून. हे उठून बसले. पुष्कळ दिवसांनी माझ्याकडे तोंड होतं. विचारलं, "कधीच काही वाटलं नाही? एकदासुद्धा?"

आता खोटं बोलायचं नाही, ठरवलं होतं. आणि नाही म्हटलं असतं तर तेही खोटंच झालं असतं. म्हणून खरं सांगितलं. "हात गरम असायचा तुमचा. थंडीत बरं वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, रोज कुणी असा हात ठेवला नव्हता."

बराच वेळ स्वतःचे तळवे बघत बसले. मग म्हणाले, "गरम असायचा ना?" म्हटलं, हो. मला रडू येत होतं, त्यांना बहुतेक नव्हतं येत.

१८ जानेवारी, रविवार
हे सकाळी गच्चीवर गेले होते. कोहऱ्यात नीट दिसले नाहीत, उभे होते की फेऱ्या मारत होते, कळलं नाही. खाली येऊन दाढी केली. पोहे मागून घेतले. ऑफिसची जुनी पँट, वर करडा स्वेटर गळ्यापर्यंत, मफलर.

"कुंदाकडे जाऊन येतो."

उद्याची तपासणी. काय सांगणार आहात तिला, हे विचारायला जिन्यापर्यंत गेले मागोमाग. वळून म्हणाले, "तू खांदा शेक, मी येतो." एवढ्या मायेने म्हणाले की माझा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. किती दिवसांनी माणूस उठला होता.

वर आले. खुंटीवर तो उपचाराचा पांढरा कुडता नाही. धुण्याच्या बादलीत बघितलं, कपाटात बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. अमेयला फोन लावला, उचलत नाही. पुन्हा लावते.