पेटी एकच होती

प्रिय,

नुसतं ‘प्रिय’ लिहून थांबलेय, रागावू नकोस. तुला नावाने हाक मारायची सवय मोडली, आणि ‘डॉक्टर’ म्हणायचं जिवावर येतं, का ते तुला ठाऊक आहे. पत्ता तुझ्या धाकट्या बहिणीकडून मिळवला. फोनवर माझा आवाज ऐकून ती हळूच म्हणाली, “वहिनी, सगळं बरं आहे ना?” इतक्या वर्षांनी वहिनी! मी ‘हो, हो’ म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आधीच स्वच्छ असलेला ओटा कितीतरी वेळ पुसत राहिले.

तिच्याकडून कळलं, तू निवृत्त झालास, गुडघे कुरकुरतात, तरी रोज सकाळी दवाखान्यात जाऊन बसतोस. दुसरं लग्न केलं नाहीस हेही तिने मी न विचारताच सांगून टाकलं. ती अजून तशीच आहे, पोटात काही ठेवता येत नाही बिचारीला. मीही पुढच्या महिन्यात विद्यापीठातून निवृत्त होतेय. विभागातली खोली आवरायला काढली आहे. मुलं येऊन पुस्तकं मागून नेतात आणि जाताना असं बघतात, जसं काही मी पुस्तकांबरोबर रद्दीतच जाणार आहे. निरोपाच्या व्याख्यानाची पत्रिका छापून आली. विषय मीच दिला होता, ‘खाट कोणाला मिळते?’ जन्मभर मी एवढंच तर विचारत आले. कोणाला खाट मिळते आणि कोणाला ‘उद्या या’, कोण ओळखीने पुढे सरकतं आणि कोण रांगेतच संपतं. इस्पितळांच्या बाकांवर बसून बसून केस पिकले माझे. लोक मला कधी पेशंट समजायचे, कधी पेशंटची आई.

आपलं लग्न झालं तेव्हा माझा विषय किती सुखाचा होता, आठवतं? नात्यांचे शब्द. कोण कोणाला काय हाक मारतं आणि का. तू मित्रांना सांगायचास, “आत्या आणि मावशी यांतला फरक शोधायला हिला विद्यापीठ पगार देतं.” आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घालायचे. तो प्रबंध मी अर्ध्यावर सोडला आणि आरोग्याकडे वळले, तेव्हा माझे सर म्हणाले होते, “बाई, हा विषय नाही, ही जखम आहे. हिच्यावर प्रबंध लिहू नका.” मी ऐकलं नाही.

त्या दुपारबद्दल आपण नीट बोललोच नाही कधी. सातव्या महिन्यातच मला कळा आल्या आणि मला तुझ्याच इस्पितळात आणलं. बाळांच्या वॉर्डात तू एकटा होतास, मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या तीन, त्यांतल्या दोन कित्येक दिवस बंद पडलेल्या, आणि चालू पेटी एकच. आपली मुलगी जन्मली त्याच्या जरासं आधी आणखी एक मुलगी जन्मली होती, तशीच अपुऱ्या दिवसांची. ती आधी आली होती आणि तिची तगण्याची आशा आपल्या बाळापेक्षा जास्त होती. नियम अशा वेळी काय सांगतो ते तुला पाठ होतं. तू पेटी तिला दिलीस. आपल्या बाळाला कापसात गुंडाळून, छातीशी धरून तू संध्याकाळपर्यंत बसून होतास, हे मला नर्सने सांगितलं, ते सुद्धा फार पुढे. तू माझ्या खाटेशी आलास तेव्हा एवढंच म्हणालास, “मी तिला दिली.” आणि मी म्हणाले, “तू बाप नाहीसच, नुसता डॉक्टर आहेस.” त्यानंतर आपण वर्षभर एका घरात राहिलो खरे, पण ते राहणं म्हणजे दोन भाडेकरूंचं.

तू दुसऱ्या शहरात बदली करून घेतलीस, आणि मी काय केलं ते तुला माहीत नाही. वॉर्डातल्या आयाबाईंना विचारून मी त्या दुसऱ्या बाळाचं घर शोधून काढलं. अभ्यास वगैरे नंतर आला रे. मला फक्त बघायचं होतं, कोणासाठी. रंगाच्या कारखान्यामागे उतारावर एकाला एक चिकटून खोल्या होत्या. भिंतींना बारमाही ओल, आणि गटाराच्या पाण्याला रोज कारखान्यात असेल तो रंग. त्या बाळाची आई धुलाईच्या कारखान्यात चादरी धुवायची. इस्पितळांच्याच चादरी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणू लागले. तिसऱ्या भेटीत मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं. तिने झोपलेलं लेकरू उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करून चहा करायला बसली. तिची पाठ हलत होती. मग वळून म्हणाली, “पोरीला हे कधी सांगू नको हं. एवढ्याशा जिवावर एवढं ओझं कशाला?” ते वचन मी पाळलं.

जन्मली तेव्हा एवढीशी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. पुढे झाली ताडमाड, पण नाव मुंगीच राहिलं. मला मावशी म्हणायची. (आत्याही म्हणू शकली असती. माझ्या जुन्या विषयात तिने चांगलाच घोळ घातला.) तिचं पहिलं पाऊल, तिची पहिली शाळा, तिने नापास होऊन लपवलेला गणिताचा पेपर, सगळ्याला मी होते. तिच्याच वस्तीत बसून मी माझं पहिलं पुस्तक लिहिलं, दुसरंही. ओल, खोकला, रजेचे कापलेले पैसे, दवाखान्यातल्या ‘नंतर या’च्या पाट्या. मला पारितोषिकं मिळाली, वस्तीच्या भिंती ओल्याच राहिल्या. मुंगी हसून सांगायची, “मावशी, तुझं पुस्तक झोपेच्या गोळीपेक्षा भारी आहे. पहिल्या पानातच डोळा लागतो.” ती शाळेची बस चालवायची. त्या अरुंद गल्लीतून एका हाताने बस मागे घ्यायची आणि दुसऱ्या हाताने खिडकीतून डोकं काढणाऱ्या पोरांना दम भरायची. तिचं हसणं दोन गल्ल्या पलीकडे ऐकू यायचं. मी कितीदा तिच्याकडे बघत मनात हिशेब मांडला असेल, आपली असती तर आज एवढीच असती. आणि दर वेळी माझीच मला लाज वाटली, कारण मुंगी कोणाच्या बदल्यातली नव्हती, ती ती होती.

छाती तिची जन्मापासून नाजूकच. या थंडीत खोकला धरला. दवाखान्यात औषधाची बाटली मिळाली, मग दुसरी बाटली मिळाली. रजा घेतली तर गाडी दुसऱ्याला देतील म्हणून ती तापातच बस चालवत राहिली. ताईचा फोन आला तेव्हा मुंगीला धड श्वास घेता येत नव्हता. आम्ही तिला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेलं. श्वासाच्या यंत्राची खाट एकच रिकामी होती, आणि आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ आलेले होते. व्हरांड्यात ट्रॉलीवर पडले होते. त्यांची बायको त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं नीट करत होती. अशा बाकांवर मी उभं आयुष्य काढलंय. पुढे काय होतं, कोण कोणाला फोन करतं, कागद कसा हलतो, मला तोंडपाठ होतं. आणि मी फोन काढला. इस्पितळाचे प्रमुख माझ्याबरोबर एका समितीवर होते. मी म्हटलं, “माझ्या घरचं माणूस आहे.” एवढंच. पाच-दहा मिनिटांत मुंगीला खाट मिळाली.

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्या पुन्हा पांघरूण नीट करू लागल्या. त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. प्रश्न विचारण्यावरच जिने पोट भरलं, तिला हा एक विचारायचा धीर झाला नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण फोन कानाला लावताना मला पहिल्यांदा कळलं की तुझ्याही हाताशी ती पेटी होती. कोणी बघत नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं, आणि हातात तुझं बाळ निळं पडत चाललं होतं. मी इतकी वर्षं समजत होते की तुला सोपं गेलं. देवा रे. किती अवघड गेलं असेल तुला, आणि त्यावर मी काय बोलले.

यंत्राचा उपयोग झाला नाही. उशीर फार झाला होता. चौथ्या दिवशी सकाळी, ताई तिचे केस विंचरत असताना, मुंगी गेली. जायच्या आदल्या दिवशी शुद्धीत होती. तोंडावर नळ्या, बोलता येईना, तर हाताने विचारत होती, बस कोण चालवतंय.

काल ताईकडे गेले होते. खोलीत शाळेची पोरं येऊन गेली होती, त्यांची ओली पावलं फरशीवर तशीच होती. निरोपाच्या व्याख्यानात मी काय बोलणार आहे, मला माहीत नाही. कदाचित बोलणारच नाही. पण हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाहीये, ताईने लिहायला लावलंय. बोटं मोजत ती कोणाकोणाला कळवलं ते सांगत होती, मामा, काकू, गावाकडची माणसं, बसवाले. मग थांबून म्हणाली, “त्या डॉक्टरांना कोणी कळवलं का गं?” मी म्हटलं, त्यांना कशाला आता त्रास. तर माझ्यावरच चिडली, “कशाला म्हणजे? घरातली माणसं पहिल्यांदा तिला बघायला आली, त्याच्या आधी तिला हातात घेणारा माणूस तो. आपल्या माणसाला असं बाहेरून कळावं का?” म्हणून कळवते आहे. आपली मुंगी गेली. तेहेतीस वर्षं होती, आणि फार हसायची.

तुझीच,
बाळाची आई