अण्णांचा पॅच आणि आईची टाच

२८ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला म्हणून फुरंगटून बसली असशील. बैस. थंडीने माझी बोटं आखडली आहेत आणि तुझ्या आईचा चष्मा कायम माझ्याच खुर्चीखाली सापडतो, तेव्हा आमच्याकडून एवढंच होतं. पण आज लिहायला कारण आहे, कारण मी एक पराक्रम केला आहे.

आईची गरम पाण्याची रबरी पिशवी गळायला लागली होती. सकाळी पाहावं तर पायथ्याशी गादी ओली. आईचं म्हणणं पडलं की नवी आणा. आता तूच सांग, उभा जन्म मी गावाच्या सायकलींच्या ट्यूबा जोडल्या, आणि टाचणीएवढ्या भोकापायी घरची पिशवी फेकून देऊ? दुकान आता दुसऱ्याच्या हाती दिलं असलं तरी माझी हत्यारं माझ्यापाशीच आहेत. रबर घासलं, पॅच बसवला आणि गरम पट्टीखाली दाबून असा पक्का केला की नखाने कड सुटत नाही. शेजारच्या शिंपीणकाकूंनी पाहून तोंडात बोटं घातली. समोरचे घड्याळजी नेहमीप्रमाणे नुसतं बघून आपल्या दुरुस्तीच्या घड्याळांकडे वळले, पण ते माणूसच तसं आहे.

आईची टाच बरी आहे. गेल्या थंडीतली जखम पुरती मिटली, फक्त वरची कातडी अजून कांद्याच्या सालीसारखी पातळ आहे. डॉक्टर मात्र तोंड लांब करून सांगतात की मधुमेहामुळे तिच्या पायांना काही कळत नाही, आणि पुन्हा तशी जखम झाली तर बोटं राहतील की जातील याची खात्री ते देणार नाहीत. हिला एकटीने बाजारात चालत जायची घाई झाली आहे. मी कॅरियरवर बसवून नेतो म्हटलं तर लाज वाटते म्हणते.

मी तिची पुरेपूर काळजी घेतो. किटली खदखदली की लगेच पिशवी गळ्यापर्यंत भरतो, म्हणजे सकाळपर्यंत ऊब टिकते, आणि तिच्या पायांशी नीट खोचून देतो. दिवसा पिशवी खिडकीतल्या खिळ्याला टांगतो, म्हणजे उन्हात खडखडीत वाळते.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
अण्णा


४ डिसेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि हसू पळालं. अण्णा, रागावू नका, पण तुम्ही जी काळजी घेता ना, तिचीच मला काळजी वाटते आहे.

गेल्या थंडीत आईच्या टाचेला फोड कशाने आला होता, आठवा. ह्याच पिशवीने. पाय भाजत होता आणि तिला कळलं नाही. तुम्हाआम्हाला चटका बसला तर आपण पाय ओढून घेतो, तिचा पाय तिथेच राहतो. पिशवी सकाळपर्यंत गरम राहते हे तुम्ही कौतुकाने लिहिता, पण तीच तर भीती आहे.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, दर हिवाळ्यात ह्या पिशव्या विकते, आणि मालक आम्हाला प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच ते सांगायला लावतात, म्हणून मला सगळं पाठ आहे. उकळतं पाणी ओतायचं नाही, किटली खाली उतरवून थोडी निवू द्यायची. पिशवी पाऊण भरेल त्याच्याही आतच ठेवायची, आणि बूच लावण्याआधी आतली हवा दाबून काढायची. वर जाड कापडाची खोळ हवी. आणि आईसारख्यांच्या पायाशी तर ती ठेवायचीच नाही. आधी अंथरूण ऊबदार करायचं, पिशवी बाहेर काढायची, मग आईने आत शिरायचं. पायांत लोकरीचे मोजे.

आणखी एक. पिशवीच्या गळ्याजवळ एक फूल उमटवलेलं असतं. ते नक्षी म्हणून नाही. मधल्या गोलात साल असतं आणि पाकळ्यांवरून महिना कळतो, म्हणजे पिशवी कधी तयार झाली ते. दोन वर्षं झाली की ती टाकायची, वरून कितीही धडधाकट दिसली तरी. चष्मा लावून आपल्या पिशवीचं फूल तेवढं बघा.

सोबत नवी पिशवी पाठवते आहे, खोळ मी स्वतः शिवली आहे. शिवण वाकडी आहे, शिंपीणकाकूंना दाखवू नका. आईला सांगा, मला तिच्या टाचेची रोज आठवण येते.

तुमची माया अशीच राहू द्या, पण ऐकायचंही थोडं मनावर घ्या.

तुमची,
ठकू


११ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं. खोळ छान आहे. शिवण वाकडी आहे हे शिंपीणकाकूंनी मी न दाखवताच ओळखलं.

फूल पाहिलं. त्यात जे साल आहे त्या साली तुझं लग्न ठरायचं होतं. मग काय झालं? ज्यांना वस्तू वापरता येत नाही त्यांच्यासाठी ही सालं आणि फुलं. दुकानदारांना माल खपवायचा असतो, आणि तू आता त्यांच्यातली झालीस. रबर म्हणजे काय हे मला शिकवायला निघालीस, हे वाचून घड्याळजी पहिल्यांदा हसले.

पाण्याचं तू म्हणतेस ते एक वेळ मान्य. किटली निवू देतो. पिशवी भरतानाही हात आखडता घेतो आहे. पण माझा पॅच बसलेली पिशवी टाकणार नाही. नवी कपाटात ठेवली आहे, कोणी पाहुणे आले तर होईल. आई मध्ये पडत नाही. तुझं पत्र तिने दोनदा वाचलं आणि घडी करून उशाखाली ठेवलं, एवढंच.

राग नाही, पण नाकाला थोडी मिरची झोंबली आहे. ती उतरेपर्यंत आशीर्वाद ह्या एकाच पत्रात दोनदा समज.

तुझा,
अण्णा


१७ डिसेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पॅचबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पॅच उत्तमच असणार. माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच येतं. तुमच्या दुकानात कोणी चिरा पडलेलं टायर घेऊन आलं की तुम्ही ट्यूब जोडायला साफ नकार द्यायचात. भोक बुजवीन, पण म्हातारं रबर तरुण करणार नाही, असं तोंडावर सांगायचात. गिऱ्हाईक तणतणत निघून जायचं आणि तुम्ही खुशाल चहा प्यायचात. सायकल उन्हात लावली म्हणून तर तुम्ही लोकांना भर रस्त्यात झापत होतात. आणि आईची पिशवी खिडकीत?

जोडलेली ट्यूब टबात बुडवून, पिळून, कानाशी धरून पाहिल्याशिवाय तुम्ही कधी कोणाच्या हातात दिली नाहीत. ही दिलीत. पाहिलीत का तपासून? झोपेत माणूस कूस बदलतं, पायाचा सगळा भार पिशवीवर येतो. तेवढा भार घालून बघा, पण अंगणात, आईपासून लांब. पिशवी टिकली तर मी तुमची माफी मागेन आणि नवी परत घेऊन जाईन. पण तोवर ती अंथरुणात जाता कामा नये, एवढं माझ्यासाठी करा.

मिरची उतरली असेल अशी आशा करते. आशीर्वाद दोनदा मिळाले, तिसऱ्यांदाही चालतील.

तुमची,
ठकू


२३ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तू जिंकलीस. आता सविस्तर लिहितो.

तुझी खोड मोडायची म्हणून मी रविवारी सकाळी चाचणी जाहीर केली. अंगणातल्या दगडावर पिशवी ठेवली, गरम पाणी भरलं, बूच आवळलं, वर फळी टाकली. शिंपीणकाकू कठड्याला टेकून, घड्याळजी हातात चहाचा कप घेऊन, असे दोन पंच. मग फळीवर एकेक वीट चढवू लागलो. माझा पॅच हूं की चूं करीना. मी घड्याळजींकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि पुढची वीट ठेवली. तेवढ्यात पिशवी गळ्याच्या शिवणीपासून खालपर्यंत उसवली. पाणी फळीखालून भस्सकन आलं, वाफेचा लोट उठला, माझ्या चपला भिजल्या. कोणाला इजा नाही. मी बाजूला उभा होतो, तेवढी अक्कल होती.

पिशवी उचलून पाहिली. पॅच जागच्या जागी, एक कडसुद्धा सुटली नव्हती. पण त्याच्या भोवतीचं रबर दुमडून पाहिलं तर सुकलेल्या चिखलासारख्या बारीक चिरा. टायरला असत्या तर मी दहा पावलांवरून ओळखल्या असत्या. घरच्या वस्तूवर माझी नजरच गेली नाही.

मान वर केली तर आई दारात उभी. ती आधी वाफेकडे बघत होती, मग तिने आपल्या पायाकडे पाहिलं. ठकू, तू अडवलं नसतंस तर त्या आठवड्यात ती पिशवी रोज तिच्या टाचेशी असती. हे पाणी तिच्या पायावर गेलं असतं आणि तिला कळलंही नसतं. तिथेच पायरीवर बसलो, आणि घड्याळजींनी स्वतःचा चहा माझ्या हातात दिला.

मग उठलो, मोठी कात्री आणली आणि पिशवीचे तुकडे केले, म्हणजे पुन्हा कोणाला जोडायचा मोह नको. पॅचचा तेवढा तुकडा ठेवला आहे. कामात खोट नव्हती, हे तू लिहून दे.

नवी पिशवी काढली. फूल बघितलं, ह्याच सालचं आहे. तू लिहिलंस तसं सगळं करतो: अंथरूण तापलं की पिशवी बाहेर, मग आई आत. सकाळी पाणी ओतून टाकून, बूच न लावता, आतल्या सावलीतल्या भिंतीवर उलटी टांगतो. दोन हिवाळे झाले की हिलाही कात्री.

तिसरा आशीर्वाद पाठवतो आहे. तो तू कमावला आहेस.

तुझा,
अण्णा


२९ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

ह्यांनी पत्राचा ताबा सोडला म्हणून आज मी लिहिते. चष्मा खुर्चीखालीच होता.

तुझे अण्णा आता गल्लीतल्या सगळ्या पिशव्यांचे डॉक्टर झाले आहेत. रविवारी लोक पिशव्या घेऊन अंगणात येतात. हे चष्मा कपाळावरून खाली ओढतात, फूल वाचतात, रबर दुमडून उजेडात धरतात, बूच फिरवून पिशवी उलटी करून झटकतात, आणि नापास झाली तर मालकाच्या देखत कात्री चालवतात. शिंपीणकाकूंच्या पिशवीचं बूच गळत होतं, ती गेली. घड्याळजींनी आपली पिशवी अजून चांगली आहे म्हणून हुज्जत घातली. ह्यांनी फुलातलं साल मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी स्वतःच कात्री मागून घेतली. काकू आता सगळ्यांना जाड खोळी शिवून देतात. तुझ्या दुकानाच्या मालकांनी पाठ करून घेतलेलं भाषण तुझ्यापेक्षा हे जास्त जोरात करतात.

आणि रोज सकाळी, मी नको नको म्हणत असताना, हे माझा पाय मांडीवर घेतात आणि टाच खिडकीच्या उजेडाकडे वळवून बघतात. ट्यूबमधलं भोक शोधावं तसं. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी माझ्या पायांशी बसले नव्हते. मला आधी संकोच वाटायचा, आता सवय झाली. खरं सांगायचं तर आवडतं.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी टाच दाबली, भिंगातून पाहिली, दुसरा पायही पाहिला. मग म्हणाले की कातडी घट्ट झाली आहे, जपायचं तर जन्मभर आहे, पण आता चालायला हरकत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

बाहेर आलो तर ह्यांनी सवयीने सायकलचं कॅरियर पुसलं. मी सांगितलं की तुम्ही सायकल ढकलत या, मी चालत जाते. दवाखान्याची फरसबंदी, मग बाजाराचा रस्ता, भाजीवाल्यांची ओळ, पुलाची चढण. हे मागून कारण नसताना घंटी वाजवत होते. लोक बाजूला होऊन बघायला लागले, ही कोण बाई चालली आहे म्हणून. मला हसू आवरेना. चढणीवर जरा दमले, कठड्याला हात टेकला आणि वर गेले. घरी आल्यावर मोजे काढून पाहिले, टाच कोरडी, गुलाबी, शाबूत. तेव्हा मात्र मी रडले, आणि हे, पाणी आणायचं निमित्त करून, आत गेले.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. जावईबापूंना सांग, स्टेशनवर गाडी घेऊन येऊ नका. तू एकटी ये. तुझ्या घरापर्यंत आपण दोघी चालत जाऊ.

माया तीच आहे, आता ती पायांनी येते आहे.

तुझी,
आई