कुरोदांकडची चौकशी

नोव्हाय, मिशिगन
मार्च २००६

ती. शोभनाताईस,

धाकट्या श्रीरंगाचा इथल्या बर्फातून वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, म्हणून हा नमस्कार जरा मोलाचा धरावा.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी साखर खरंच सोडली, की फक्त तुझ्यासमोर सोडली? सीमा ठीक आहे आणि माझ्यावर नेहमीइतकीच नाराज आहे.

आता तू सोपवलेल्या कामगिरीचं. तुझी आश्लेषा आमच्याकडे राहून चित्रकला शिकली, टोकियोच्या एका स्टुडिओने तिला उमेदवारीला बोलावलंय, तुझ्या संमतीशिवाय ती जाणार नाही, आणि तू दिवाळीपासून तिच्याशी बोलत नाहीस. तिच्या डोक्यातलं कार्टूनचं खूळ काढ, हा मला हुकूम. मी म्हटलं, आपण स्थळाची चौकशी करतो तशी या धंद्याचीच करावी. गाड्यांच्या कंपन्यांमुळे आमच्या गावात जपानी कुटुंबं पुष्कळ. मागच्याच गल्लीत कुरोदा नावाचे म्हातारे गृहस्थ लेकीकडे राहतात, आणि त्यांनी उभा जन्म जपानी कार्टूनं काढण्यात घालवलाय. झालं. सीमाचे शंकरपाळे डब्यात भरले आणि निघालो. चूक एवढीच झाली की आश्लेषाला बरोबर घेतलं. चौकशीला कुणी मुलीला नेतं का?

"मामा, यू आर सो ऑब्व्हियस," ती गाडीत म्हणाली. मी रस्त्याकडे लक्ष दिलं.

सुरुवात अगदी मनासारखी झाली. कुरोदासान जपानीत बोलायचे आणि त्यांची लेक साचिको ते इंग्रजीत सांगायची (चेहरा बँकेत पासबुक भरून देणाऱ्या बाईसारखा). त्यांचं काम मधल्या चित्रांचं. मोठा चित्रकार एक माणूस बसलेला काढतो, मग उभा राहिलेला काढतो. मधलं उठणं यांनी काढायचं. तरुणपण त्या उठण्याबसण्यातच गेलं. टेबलाखाली झोपायचे. नाव पडद्यावरून इतक्या वेगाने जायचं की बायकोला ते कधी वाचता आलं नाही. आता हात कापतात म्हणून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात (मी ती जपानी रीत समजून माझाही तसाच धरला होता). आणि मुलीचं बालपण? पाहिलंच नाही म्हणाले. साचिकोने हेही तशाच चेहऱ्याने सांगितलं. मी इतका खूश झालो की आणखी चहा मागितला.

मग आश्लेषाने विचारलं, तुमचं स्वतःचं आवडतं काम कोणतं? म्हातारा बराच वेळ बोलला. साचिको भाषांतर करता करता थांबली, ती थांबलीच. पुढचं मला आश्लेषाने सांगितलं. (पुण्यात तूच तिला जपानीच्या क्लासला घातलंस, चांगल्या कंपनीत चिकटेल म्हणून. तेव्हा मला दोष देऊ नकोस.)

"मामा, ते कधी घरी आले की ही फाटकापर्यंत पळत यायची. एक पाय थोडा बाहेर टाकत. नंतर कुठल्याही सीरियलमध्ये मुलगी पळायची असली, की ते हिचंच पळणं काढायचे."

साचिकोला हे ठाऊकच नव्हतं. दोन मुलांची आई ती, बापासमोर ढसाढसा रडली. मीही रडलो, ताई. सीमाला सर्दी सांगितलीय.

तर कामगिरी फसली. स्थळ वाईट आहे हे मी लेखी कळवतो: झोप नाही, पैसा नाही, कुणी नाव घेत नाही. मुलगी मात्र त्या दिवसापासून जास्तच ठाम आहे. मला आता तिला अडवण्याचं मन होत नाही.

तुझ्या धाकात असलेला,
श्रीरंग

ता. क. शंकरपाळ्यांचा डबा परत आला. त्यांच्यातही रिकामा देत नाहीत. आत कुरोदांनी कापऱ्या हाताने काढलेली दोन चित्रं होती. एकात साडीतली बाई पाठमोरी निघालेली, दुसऱ्यात तीच मागे वळून बघतेय. तूच आहेस (आश्लेषाने त्यांना दिलेल्या आमच्याकडच्या फोटोवरून काढलीय). मधली चित्रं आश्लेषाने काढावीत, असा कुरोदांचा निरोप.

पुन्हा ता. क. तिचे कागद अजून कोरेच आहेत. तू कुठल्या खांद्यावरून वळतेस ते तिला ठरवता येत नाही. दिवाळीनंतर ती तिकडून निघाली तेव्हा विमानतळावर तू पाठ फिरवलीस आणि पुन्हा वळलीच नाहीस. मला विचारते, मला तरी कुठे ठाऊक? उजव्या की डाव्या, ताई? मला कळवू नकोस. तिला फोन कर.