मुख्याध्यापिकाबाईंचा हिरवा चेहरा

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच). तू, वहिनी आणि चिरंजीव खुशाल असाल असं धरून चालतो. बाबांच्या तब्येतीची चौकशी करत नाही, कारण ते तुझ्या नव्या घराच्या कामावर देखरेख करायला आले असून अगदी मजेत आहेत, असं त्यांनी मी न विचारताच मला फोनवर सांगितलं. मजेतला माणूस इतक्या पडेल आवाजात बोलत नाही.

दादा, ते देखरेख करायला आलेले नाहीत, रुसून आलेत. वाचनालयाच्या चित्रस्पर्धेत आईला पहिलं बक्षीस मिळालं हे तुला ठाऊक आहे, पण ते घेताना तिने भाषण केलं हे तुला कोणी सांगितलं नसणार. त्यात तिने चौकट करून देणाऱ्या सुताराचे आभार मानले, स्टूल उसनं देणाऱ्या शेजारीणबाईंचे मानले, सभागृहाचा पंखा दुरुस्त करणाऱ्याचेही मानले (पंखा बंदच होता), आणि शेवटी "आणि घरची मंडळी" असं म्हणून खाली बसली. घरच्या मंडळींत मी, ही आणि बाबा असे तिघं होतो. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी घरी येऊन पिशवी भरली.

आता तू म्हणशील, बाबांनी असं काय मोठं केलं होतं? आई नेमकं हेच म्हणाली, आणि त्यांच्या तोंडावर म्हणाली, "तुम्ही नुसत्या ट्यूबा तर देता!" हे खोटं नाही. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून बाबा तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसायचे. आई नजर चित्रावरून न हलवता हात पुढे करायची आणि म्हणायची, "पानांचा द्या." मग बाबा पानांचा द्यायचे. "विटांचा द्या," "गालांचा द्या," असं दुपारभर चालायचं. ट्यूबांवरची नावं माखून केव्हाच दिसेनाशी झाली होती, पण बाबांचा हात कधी अडखळला नाही. आईच्या तोंडून रंगाचं नाव निघालेलं मला आठवत नाही, आणि त्यात कोणाला वावगंही वाटलं नाही. ज्याला पानं काढायची तो पानांचाच रंग मागणार.

तर बाबा तुझ्याकडे आले आणि त्याच आठवड्यात मुलींच्या शाळेने आईला निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंचं चित्र सांगितलं. शाळेच्या सभागृहात, समारंभपूर्वक, कायमचं लागणारं चित्र! आईने पदर खोचला, स्टूल शेजारीणबाईंना परत केलं आणि एकटीने काम सुरू केलं. बाई रोज येऊन ताठ बसत. चित्र पूर्ण होईपर्यंत कोणी डोकावायचं नाही, असा आईचा दंडक होता.

चित्र हुबेहूब उतरलं, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली. नाक त्यांचंच, हनुवटी त्यांचीच, उशिरा आलेल्या मुलीकडे बघतानाची नजरही त्यांचीच. फक्त चेहरा फिकट हिरवा होता, ओठ मातकट, आणि मागचं कुंपण पक्क्या विटकरी पानांनी बहरलेलं. हिने ते पाहिलं, पण ही नवी पद्धत असेल असं समजून गप्प बसली (सासूच्या चित्रात चुका काढायला कोणत्याही सुनेला घाई नसते). बाईंनी बराच वेळ पाहून विचारलं, "मी अशी दिसते?" आई म्हणाली, "अगदी अश्शी." आयुष्यभर दुसऱ्यांना प्रामाणिकपणा शिकवलेली बाई ती, तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी जाऊन रक्त तपासून घेतलं. मग यकृत तपासलं. सगळं ठीक निघालं, तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलला. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी म्हणे त्यांना उठवून हात धुवायच्या जागेवरच्या आरशासमोर नेलं, आणि तेवढीच फी घेतली.

बाई सगळे रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. आईने ते चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "छान आहेत की. मग चित्रात काय बिघडलंय?" तेव्हा मात्र हिला राहवलं नाही. ही हळूच म्हणाली, "आई, चेहरा हिरवा झालाय."

"कुठे?" आईने विचारलं.

बाईंनीच उठून सगळ्यांना पाणी दिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईपुढे ठिपक्यांचं पुस्तक धरलं. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात म्हणे. आईला एकही दिसला नाही. उलट, ठिपके फार मन लावून काढलेत, असं तिने कौतुक केलं. डॉक्टरांनी समजावलं की तिला तांबडा आणि हिरवा यातला फरक जन्मापासूनच कळत नाही. मग त्यांनी विचारलं, "मुलगे किती?" मी म्हटलं, दोन. त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग पँटकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

घराच्या पायऱ्या चढताना आई एवढंच म्हणाली, "इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही सांगितलं नाही रे." मी रागानेच बाबांना फोन लावला. ते म्हणाले, लग्नाआधी ती दुकानात कापड घेऊन आली, रीळ तिने स्वतः निवडलं, आणि ते कापडाला भलतंच विसंगत होतं. बाबांनी गुपचूप दुसऱ्या दोऱ्याने शिवून दिलं. "तिला आवडलं. मग सांगायचं कशाला?" एवढं बोलून, आवाज नीट येत नाही असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मला मात्र त्यांचा आवाज चांगला येत होता. दादा, मला फार वाईट वाटलं, आणि आपले आईबाप असे आहेत म्हणून फार बरंही वाटलं.

तेव्हापासून आईने ब्रश हातात धरलेला नाही. बाई थांबायला तयार आहेत, समारंभ काही थांबणार नाही. ही बिचारी स्टूल मागून आणून आईच्या शेजारी बसली, मागेल ती ट्यूब बिनचूक दिली, तर आई म्हणाली, "हिच्या हाताला घाई आहे," आणि उठून गेली. दुपारी खोलीत जाऊन नुसती चित्रासमोर बसते. आई चित्र काढायचीच थांबली तर या घरात काय उरेल, याची मला खरोखर भीती वाटते.

असो. माझं काहीच मागणं नाही. बाबांनी तुझ्याकडे हवं तितकं राहावं, आराम करावा. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – वर जिथे जिथे हिरवा, मातकट, विटकरी असं आलंय, ते हिला विचारून लिहिलंय. मला बाईंचा चेहरा उत्तम वाटला होता. गालांवर तेज आलंय असं मी आईला म्हणालोही होतो.

ता. क. दुसरा – डॉक्टरांचं म्हणणं असं, की आईला हा दोष असला तर तो तिच्या सगळ्या मुलग्यांत उतरतोच. तू सिमेंटच्या धंद्यात पडलास आणि मी छापखान्यात काळी अक्षरं तपासायला बसलो, आणि दोघांचे कपडे लग्न होईपर्यंत बाबाच काढून ठेवत, म्हणून बोभाटा झाला नाही. (लग्नानंतर माझे कपडे ही काढते. डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी ती लवकर कामावर गेली होती.) तेव्हा नव्या घराच्या भिंतींना "सौम्य मातीचा रंग मी जातीने निवडला" असं तू फोनवर सांगितलंस, त्याचा एकदा फेरविचार कर. त्या वेळी वहिनी मागून एकदम खोकल्या होत्या.

ता. क. तिसरा – बाबांना पाठव. मिळेल त्या गाडीने पाठव. आई त्यांना बोलावत नाहीये, हे तिने मला बजावून सांगितलंय. फक्त तिने आज चित्राच्या खालच्या कोपऱ्यात दोघांच्या सह्यांपुरती जागा केली. बाबांची सही लांबलचक, ती मावेना, म्हणून तिथलं एक अख्खं झाड खरवडून टाकलंय.