जग्वारचे पाय आखूड असतात

९ जाने., अकोला
आमच्या पुतळ्यांच्या कारखान्याला अमरावतीच्या एका बागेचं काम मिळालं. वाघ, सिंह, जग्वार, बिबट्या ओळीनं उभे करायचे, कोण केवढा ते मुलांना कळावं म्हणून. सगळे फायबरचे. मामाजी म्हणाले, बिबट्याचा साचा आहेच, त्यातून दोन काढू. एकाच्या ठिपक्यांच्या आत टिंबं मारली की झाला जग्वार.
तसं नाही होत, म्हटलं. सुनेचं कोण ऐकतं.

११ जाने.
सेमाडोहहून फोन! निसर्ग केंद्रातली नोकरी मिळाली. पर्यटकांना प्राण्यांची माहिती द्यायची, राहायला खोली. एक तारखेला हजर व्हायचं. नवऱ्याला, सु.ला, सांगितलं. आधी खूश झाला, मग म्हणाला, बाबांले विचारू. आत्याबाईंनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, आमची सून जंगलात एकटी राहणार नाही.
मग प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली सून कशाला केली...

१५ जाने.
राहवेना. मामाजींना चित्र काढून दाखवलं. आकारानं वाघ-सिंहांनंतर जग्वारच. लांबीला बिबट्याहून फार नाही, पण अंगानं भारी. डोकं मोठं, छाती रुंद, पाय आखूड. बराच वेळ बघत राहिले.
"तूच बनव मातीचा. मले नाही दिसून राहिला तो."

२० जाने.
दिवसभर हात मातीत. खांदे जमले. जबडा अजून बिबट्याचाच वाटतो. इतकं बरं कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

२६ जाने.
बागवाले येऊन गेले. जग्वारपाशीच थांबले. अस्वल, रानगवा, सांबर, सगळं आमच्याकडूनच घेणार. मामाजींनी लगेच हो म्हटलं. मग मला म्हणाले, "आता तुले काहून पायजे सेमाडोह? सारं जंगल इथंच आहे तुह्यं."
मायेनं म्हणाले. रागावले असते तर भांडता आलं असतं. आत्याबाईंनी शिरा केला. जग्वार इतका चांगला करून मीच माझ्या हातानं सेमाडोहचं दार लावून घेतलं.

२९ जाने.
सेमाडोहच्या साहेबांचा फोन. मी कारखान्यातच होते. "मॅडम, नक्की सांगा. नाहीतर दुसऱ्याला बोलावतो."
"येते," म्हटलं.
मागे वळले तर दारात सु. सगळं ऐकलं असणार. आत जाऊन वाघाची पाठ घासत बसला.
जेवायची वेळ झाली. त्याला हाक मारायला हवी. अजून इथंच लिहीत बसलेय.